विचारणारा कोण?

"मुलाला इंजिनिअरिंगला घालू, की एखादा कोर्स करू दे?" जून-जुलै आला की हा प्रश्न चार-सहा घरांतून तरी माझ्याकडे येतो. त्यातलं 'घालू' हे क्रियापद मला फार बोलकं वाटतं. लोणचं बरणीत घालतात, पैसे मुदत ठेवीत घालतात आणि मुलाला इंजिनिअरिंगला घालतात. तिन्हींत झाकण लावून ठरावीक काळ वाट बघायची असते. हल्ली या प्रश्नाला नवी धार आली आहे. कुणाच्या तरी मामेभावाने पदवीशिवाय क्लाउडचं सर्टिफिकेट घेतलं, त्याला म्हणे बारा लाखांचं पॅकेज मिळालं. मग चार वर्षं आणि पाच-सहा लाख कशाला घालवायचे?

मी वीसहून अधिक वर्षं आयटीच्या धंद्यात आहे. त्यातली निम्मी टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखती घेण्यात गेली. एवढ्या अनुभवावर मला वाटतं ते असं : 'पदवी की सर्टिफिकेट' ही तुलनाच फसवी आहे. दोन दुकानांत एकच माल मिळतो आणि फक्त भावाचा फरक आहे, असं समजून ती केली जाते. प्रत्यक्षात कुठलाही कागद हे कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं. तो प्रश्न कोण विचारणार आहे हे ठरवल्याशिवाय उत्तर विकत घ्यायला निघणं म्हणजे माप न देता कपडे शिवायला टाकणं.

आधी पदवीबद्दल, कारण तिच्याभोवती आपण बरंच सोवळं उभं केलं आहे. सर्टिफिकेट म्हणजे नुसती परीक्षा देऊन मिळवलेला कागद आणि पदवी म्हणजे खरं शिक्षण, असं आपण मानतो. पण १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, आणि त्या विद्यापीठात कुणी शिकवत नसे. शिकवायचं काम एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांचं. विद्यापीठ अभ्यासक्रम नेमी, परीक्षा घेई आणि कागद देई. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८६२ साली बी.ए. झाले ते या परीक्षामंडळाचे पदवीधर म्हणून. विद्यापीठांनी स्वतः शिकवावं याला कायद्याचं बळ मिळालं ते १९०४ मध्ये. म्हणजे आज नेटवर्किंगची एखादी कंपनी जे करते, म्हणजे शिका कुठेही, परीक्षा आमच्याकडे द्या, तेच आपलं पहिलं विद्यापीठ जवळजवळ पन्नास वर्षं करत होतं. रानडे-भांडारकर मोठे झाले ते त्या कागदामुळे नव्हे, हे खरंच. पण कचेऱ्यांत माणसं हवी असलेल्या सरकारला कुणाला आत घ्यायचं हे ठरवायला तो कागद उपयोगी पडत होता. विचारणारं सरकार होतं, उत्तर बी.ए. होतं.

मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हीच गोष्ट गणितात मांडली आणि २००१ मध्ये तो नोबेलच्या मानकऱ्यांपैकी एक ठरला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की मालकाला उमेदवाराच्या आतलं दिसत नाही. म्हणून जी मिळवणं कच्च्या माणसाला जड जातं आणि पक्क्याला सोपं जातं अशी एखादी खूण तो शोधतो. शिक्षणाने माणूस एक कणही सुधारला नाही असं धरलं तरी ही खूण काम करते. हे वाचून अनेक प्राध्यापक चिडतात. मी चिडत नाही, कारण आमच्या धंद्यात हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या मेकॅनिकल, सिव्हिल, केमिकल अशा कुठल्याही शाखेचे इंजिनिअर घेतात आणि त्यांना काही महिने पुन्हा पहिल्यापासून शिकवतात. इन्फोसिसचं म्हैसूरचं आवार याचसाठी आहे. दहावी-बारावी-पदवी तिन्हीकडे साठ टक्के, म्हणजे मुलांच्या भाषेत 'सिक्स्टी थ्रूआउट', आणि केटी नको, ही अट ज्ञानाची नाहीच. चार वर्षं कंटाळा सहन करून, वेळेवर जर्नल पूर्ण करून, सबमिशनच्या आदल्या रात्री जागून हा मुलगा पार पडला, एवढंच ती विचारते. आणि कंटाळा सहन करता येणं हा आमच्या नोकरीतला फार मोठा गुण आहे, हे मी थट्टेने म्हणत नाही.

त्या खुणेवर कंपन्यांचाही आता पुरता विश्वास राहिलेला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत म्हैसूरच्या त्याच आवारातून, कंपनीच्याच म्हणण्यानुसार, तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी पाठवलं गेलं, कारण तीन संधींत ते अंतर्गत परीक्षा उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. पदवीने त्यांना दारातून आत घेतलं आणि एका सर्टिफिकेटसारख्या परीक्षेने बाहेर काढलं. दोन्ही कागदांची कामं वेगळी असतात याचा याहून कडू दाखला मला माहीत नाही.

आता सर्टिफिकेट. मी सोलापूरची. वडील एका कापड गिरणीच्या ऑफिसात होते. त्यांना ती नोकरी मॅट्रिक आणि टायपिंग यांच्यावर मिळाली होती : मिनिटाला मराठी ३० शब्द, इंग्रजी ४०. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ टायपिंग इन्स्टिट्यूट असायची, तिथल्या खडखडाटात दोन पिढ्यांनी आपली मुंबईची वाट काढली. ते टायपिंगचं सर्टिफिकेट म्हणजे आजच्या सगळ्या आयटी सर्टिफिकेटांचं आजोबा. ते नेमकं होतं, स्वस्त होतं, खरी मशीन पुढे ठेवून तपासता येत होतं आणि ते देणाऱ्याला कुठलंही यंत्र विकायचं नव्हतं. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा.

मी स्वतः फिजिक्सची बीएस्सी, शिवाजी विद्यापीठाची. २००२ मध्ये पुण्यात येऊन, आईच्या पाटल्या गहाण ठेवून, एका क्लासमध्ये विंडोज २००० वरचं एमसीएसई केलं. सात परीक्षा. क्लासने 'शंभर टक्के प्लेसमेंट' असं रंगवलेलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी एक फोन नंबर दिला, तो बंद होता. पण सर्टिफिकेटने मला नोकरी दिली हे मान्य करायला हवं. एका लहान कंपनीचा सर्व्हर रात्री-अपरात्री बसत होता, तो सोमवारपर्यंत उभा करू शकेल असं माणूस त्यांना हवं होतं. तिथल्या साहेबांनी माझी पदवी पाहिलीही नाही. आणि मग ३१ जानेवारी २०२१ ला मायक्रोसॉफ्टने एमसीएसई हे नावच मोडीत काढलं. माझं सर्टिफिकेट त्याच्या कितीतरी आधी निरर्थक झालं होतं, कारण विंडोज २००० वापरणारं कुणी उरलंच नव्हतं. वडिलांच्या टाइपरायटरचंही असंच झालं, फक्त त्याला चाळीस वर्षं लागली.

सर्टिफिकेट शिळं होतं ही तक्रार नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. सिस्कोचं सीसीएनए तीन वर्षं चालतं, ॲमेझॉनची क्लाउडची तीन वर्षं, मायक्रोसॉफ्टची हल्लीची बरीचशी एकच वर्ष, पुढे नूतनीकरण. पेढ्याच्या डब्यावर तारीख असते तशी. 'आज, या यंत्रावर, हे काम येतं का?' एवढ्याच प्रश्नाचं ते उत्तर आहे आणि त्या प्रश्नाला तारीख असायलाच हवी. पण सर्टिफिकेट विकणारे क्लास ही तारीख लहान अक्षरांत छापतात. अठरा वर्षांच्या मुलाला सांगायला हवं ते असं, की तू एकदा भरायची फी भरत नाहीयेस, तू वर्गणीदार होतोयस. सीसीएनएची परीक्षा ३०० डॉलर, ॲमेझॉनची सोल्यूशन्स आर्किटेक्टची पहिली पायरी १५० डॉलर; डॉलर चढला की आपली फी आपोआप चढते, आणि नापास झाल्यावर पुन्हा तेवढेच.

शिवाय विचारणारा कोण, हा प्रश्न इथेही आहेच. पुष्कळांना माहीत नसतं की कंपन्या नोकरदारांना सर्टिफिकेट घ्यायला लावतात त्यात ज्ञानाची ओढ थोडी आणि हिशेब जास्त असतो. क्लाउड विकणाऱ्या कंपनीची अमुक दर्जाची 'पार्टनर' व्हायचं तर पदरी इतकी सर्टिफाइड माणसं हवीत अशी अट असते. मार्च आला की मग बेंचवरच्या, म्हणजे हाती प्रोजेक्ट नसलेल्या, मुलांना मेल येतात : पंधरा दिवसांत परीक्षा द्या. ती मुलं काय करतात? डम्प मिळवतात. डम्प म्हणजे खऱ्या परीक्षेतले फोडलेले प्रश्न, उत्तरांसकट. पाठ करतात, पास होतात. माझ्यासमोर एकदा नऊ लोगो असलेला बायोडेटा घेऊन एक मुलगा बसला होता. मी विचारलं, ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबल्यावर पान दिसेपर्यंत मधे काय काय होतं? तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. आणि नंतर जे म्हणाला ते मला अजून आठवतं : "मॅडम, ऑप्शन्स आहेत का?"

सगळी सर्टिफिकेटं अशी नसतात. रेड हॅटची परीक्षा पर्याय देत नाही; चालू मशीन पुढे ठेवते आणि कामं सांगते. सिस्कोच्या सीसीआयईची लॅब आठ तास चालते. या कागदांना मी मान देते, कारण ते टायपिंगच्या परीक्षेच्या कुळातले आहेत. गंमत सीआयएसएसपीची. माहिती-सुरक्षेतलं हे मोठ्या मानाचं सर्टिफिकेट. त्याला पाच वर्षांचा अनुभव लागतो आणि चार वर्षांची पदवी असेल तर त्यातलं एक वर्ष माफ. म्हणजे ज्या सर्टिफिकेटाने पदवीची जागा घ्यावी अशी जाहिरात होते, ते स्वतःच पदवीला सवलत देतं.

आणि सर्टिफिकेट सरकारने मागितलं की काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. २००१ मध्ये एमकेसीएलचं एमएस-सीआयटी आलं. गावोगावी संगणक पोचला, हे त्याचं श्रेय कुणी नाकारू नये. पण नोकरीच्या अर्जात ते सक्तीचं झालं आणि वेतनवाढ अडू नये म्हणून पन्नाशीचे मास्तर रात्री माउस धरायला शिकू लागले, तेव्हा विचारणाऱ्याचा प्रश्न 'संगणक येतो का?' हा राहिला नाही. 'कागद जोडला आहे का?' हा झाला. कुठलाही कागद सक्तीचा झाला की तो पदवीच होतो, मग त्याचं नाव काहीही असो.

तर मग पदवी नकोच, असं म्हणणाऱ्यांकडे वळते. झोहोचं उदाहरण हमखास दिलं जातं आणि ते खरं आहे : २००५ पासून ही कंपनी बारावी आणि डिप्लोमा झालेली मुलं घेते, विद्यावेतन देऊन शिकवते आणि पुढे कामावर घेते. पण नीट बघा, त्या मुलांकडे पदवी नाही तरी त्यांना विचारणारा एकच आहे आणि तोच शिकवणाराही आहे. ती मुलं बाजारात उभी नाहीत. तुमच्या मुलाला बाजारात उभं राहायचं असेल तर त्याला विचारणारे दहा आहेत आणि त्यातले सात जण त्याचं काम कधीच बघणार नाहीत. एचआरमधली मुलगी हजार अर्जांतून पन्नास वेगळे काढताना पदवीचा रकाना चाळणीसारखा वापरते. व्हिसा देणारा अधिकारी. शैक्षणिक कर्ज देणारी बँक. स्थळ घेऊन येणाऱ्या मावशी. लग्नाच्या बायोडेटात 'सीसीएनए' लिहून कुणाचं जमल्याचं मी ऐकलेलं नाही. या सगळ्यांसाठी पदवी लागते, कारण जो माणूस तुमचं काम तपासू शकत नाही त्याला मुदत न संपणारा कागद हवा असतो.

व्हिसाचं मी भोगलं आहे. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीचं काही लागतं, आणि तोडीचा हिशेब ठरलेला आहे : कमी पडणाऱ्या शिक्षणाच्या एका वर्षापोटी तीन वर्षांचा अनुभव. माझी बीएस्सी तीन वर्षांची, त्यांची पदवी चार वर्षांची. कमी पडलेलं ते एक वर्ष मी तीन वर्षांच्या नाइट शिफ्टने भरून काढलं. सात परीक्षांचं एमसीएसई त्या हिशेबात कुठेच आलं नाही. जग थोडं बदलतंय, नाही असं नाही. जर्मनीने २०२३ च्या नोव्हेंबरपासून आयटीतल्या लोकांना पदवी नसली तरी ब्लू कार्डाची वाट मोकळी केली. पण तिथेही पदवीच्या जागी सर्टिफिकेट आलेलं नाही. गेल्या सात वर्षांतला निदान तीन वर्षांचा अनुभव आला आहे. हे वाक्य क्लासच्या जाहिरातीत सापडणार नाही.

पदवीशिवाय भागेल असं छातीठोक सांगणारे बहुतेक कोण असतात तेही बघावं. त्यांच्या घरात इंग्रजी बोललं जातं, काका एखाद्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असतो, दोन वर्षं नोकरी नाही मिळाली तरी घरात अडत नाही. त्यांच्याकडे न लिहिलेले चार कागद आधीच असतात. उलट घरातला पहिलाच शिकणारा मुलगा घ्या : बापाची रिक्षा, आडनावावरून गाव ओळखलं जातं. त्याच्याकडे अनोळखी माणसाला दाखवायला दुसरं काहीच नसतं. त्याला 'पदवी ही जुनी कल्पना आहे' असं सांगणं म्हणजे स्वतः हेल्मेट घालून दुसऱ्याला वारा खायला सांगणं. शिवाय पैशाचं गणितही त्याच्यासाठी उलटं आहे. महाराष्ट्रात पदवीची फी भरायला सरकार हातभार लावतं. महाडीबीटीवर शिष्यवृत्त्या आहेत, आणि २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झालं. खासगी क्लासच्या ऐंशी हजारांना अशी कुठलीच योजना नाही. ते रोख किंवा महिन्याच्या हप्त्याने.

इथवर वाचून मी इंजिनिअरिंगची वकिली करते आहे असं वाटेल. तसं नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं सुरू झाली. त्यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या लाखो मुलांना शहराची वाट दाखवली. पण त्यातली काही कॉलेजं आज जे विकतात ते फक्त रकान्यातली खूण असते : प्रयोगशाळेला कुलूप, शिकवायला कालच पास झालेला मुलगा, प्लेसमेंटच्या फलकावर पाच वर्षांपूर्वीचे फोटो. खूणच विकत घ्यायची असेल तर ती महाग का घ्यावी? माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर : चांगलं इंजिनिअरिंग कॉलेज मिळत असेल तर डोळे मिटून जा, नसेल तर पदवी स्वस्तात स्वस्त घ्या आणि वाचलेला पैसा व वेळ खऱ्या शिकण्याला द्या. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आहे, बीसीए आहे. नोकरी करत शिकायचं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. आयआयटी मद्रासची २०२० पासूनची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी आहे; तिला जेईई लागत नाही आणि मध्येच थांबलं तरी हातात सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा राहतो. आणि पदवीनंतर सहा महिने झिजायची तयारी असेल तर सीडॅकचा डॅक हा कोर्स आहे. पुण्यात 'सीडॅक केलंय' या दोन शब्दांना वजन आहे, कारण तिथे सकाळी आठ ते रात्री आठ बसावं लागतं हे मुलाखत घेणाऱ्याने स्वतः भोगलेलं असतं.

यावर आक्षेप येणार, आणि तो बिनतोड आहे : बीएस्सीवाल्याला बहुतेक मोठ्या कंपन्या बी.ई.वाल्याहून कमी पगारावर घेतात. हो, घेतात. काही जणी त्याला काम करता करता एमटेक देतात, विप्रोचा तसा जुना कार्यक्रम आहे, पण पहिली चार-पाच वर्षं तो मागेच असतो. मी होते. मला ते टोचत होतं आणि शेजारच्या खुर्चीवरच्या बी.ई.ला माझ्याहून कमी येतं हे दिसल्यावर जास्त टोचत होतं. ही किंमत आहे, ती नाही असं मी म्हणणार नाही. फक्त तिच्याशेजारी कर्जाचा हप्ता मांडून बघा.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्कचे थर हे पदवीच्या अभ्यासक्रमातले विषय, जे मुलं आदल्या रात्री 'इम्पॉर्टंट' वाचून काढतात, ते पहिल्या नोकरीत लागत नाहीत. ते आठव्या वर्षी लागतात, जेव्हा यंत्र का अडकलं हे कुणालाच कळत नसतं आणि कंपनीच्या पुस्तिकेत ती चूक छापलेली नसते. माझी पदवी फिजिक्सची असल्याने हे सगळं मला पस्तिशीत, मुलाला झोपवून, एनपीटेलवर शिकावं लागलं. तिथे वर्ग फुकट आहेत, परीक्षेची फी हजार रुपये. ते सर्टिफिकेट मी कुणालाही दाखवलेलं नाही. कुणी विचारलंच नाही.

आमच्या सोसायटीत रात्रपाळीला असणाऱ्या वॉचमनकाकांचा मुलगा यंदा बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा लिफ्टजवळ भेटला. मला वाटलं, आता तोही विचारणार, मॅडम, कुठलं सर्टिफिकेट करू? तो म्हणाला, "तुमच्याकडं जुना लॅपटॉप पडून असंल तर द्याल का? लिनक्स टाकून बघायचंय, बिघडला तर चालंल असा हवा." माळ्यावर एक होता. बॅटरी गेलेली, कीबोर्डवरचं एक बटण निघालेलं. कुठलं, ते त्याने विचारलं. 'क्यू' म्हटल्यावर म्हणाला, ते फारसं लागत नाही.